घरात माणसं किती

१

तुर्गुन हा सुखी माणूस होता आणि ही गोष्ट त्याने कधी कुणापासून लपवली नाही. कोश्तूत गावच्या पाणी कचेरीतली तळघराची खोली त्याच्या वाट्याला आली होती. खोलीत एक जुना सर्व्हर, एक टेबल, एक विजेची किटली आणि दोन पियाले. दुसरा पियाला कुणी आलंच तर म्हणून. वरच्या मजल्यावर साहेब लोक एकमेकांचे पाय ओढत असत. खाली तुर्गुन हिरव्या चहाचे घुटके घेत यंत्राची घरघर ऐकत बसे. गावातली सगळी घरं आणि घरटी माणसं त्या यंत्राच्या पोटात होती. नळांना अजून मीटर बसले नव्हते, तेव्हा पाण्याचा आकार माणशी लागायचा. मूल जन्मलं की आकडा एकाने वाढवायचा, कुणी गेलं की एकाने कमी करायचा. असल्या कामाने दुसरा एखादा वैतागला असता, तुर्गुनला मात्र ते गावाची खबरबात घेतल्यासारखं वाटे.

त्या वसंतात कचेरीची इमारत पाडायचं ठरलं आणि गावोगावचे डेटाबेस फर्गाना शहरातल्या नव्या केंद्रात हलवायचे असा हुकूम आला. तिकडच्या बाजूला खोसियत नावाची मुलगी होती. ती दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडत फोनवर बोलायची, आणि टरफलांचा आवाज तुर्गुनला इकडे ऐकू यायचा.

"आका, तुमचं यंत्र माझ्यापेक्षा वयानं मोठं दिसतंय. मी त्याला सलाम करू की बंद करू?"

"आधी सलाम कर, पोरी. बंद करायचं मग बघू."

अडचण अशी होती की जुन्या यंत्राची डिस्क खराब झाली होती. विचारलेलं ती सांगायची, पण सगळ्या डेटाबेसची प्रत काढायला घेतली की दर वेळी एकाच जागी अडखळून बंद पडायची. धडधाकट अशी शेवटची प्रत होती तीन वर्षांपूर्वीची. ती नव्या सर्व्हरवर उतरवायची आणि त्यानंतर रोज झालेले फेरबदल एकामागून एक तिच्यावर चढवत आजच्या दिवसापर्यंत यायचं, एवढा एकच मार्ग उरला होता.

"रोजच्या फेरबदलांच्या फाइली आहेत? तीन वर्षांच्या?" खोसियतने विचारलं.

"सगळ्या आहेत. टाकायला हात धजत नाही माझा."

"आका, तुमच्या घरातली अडगळीची खोली एकदा बघायला यायला हवं!"

ती तीन वर्षांपूर्वीची प्रत तुर्गुनच्या चांगली लक्षात होती. त्याचा एकुलता एक मुलगा एल्मुरोद ज्या दिवशी कोरियाला रंगाच्या कारखान्यात कामाला गेला, त्याच दिवशी ती काढलेली होती. सकाळी न्हाव्याच्या घाईत पोराच्या मानेला वस्तरा लागला होता. त्या जखमेवर कापसाचा बोळा चिकटवून पोरगं हसत हसत अंगणात आलं. मग इनोयतने, म्हणजे तुर्गुनच्या बायकोने, तंदूरमधला ताजा नान त्याच्या तोंडाशी धरला. लांब जाणाऱ्याने निघताना नानचा एक घास चावायचा, उरलेला नान कापडात बांधून भिंतीला टांगायचा, आणि परत आल्यावर त्यानेच तो संपवायचा. मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. एल्मुरोदने घास चावला, बस निघाली, आणि तुर्गुन कचेरीत येऊन बसला. हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून त्याने साऱ्या गावाची प्रत काढून ठेवली.

पुढे दर शुक्रवारी पोराचा फोन यायचा. मागच्या शरदात तो यायचा थांबला. कुणी म्हणालं त्याने कारखाना बदलला, कुणी म्हणालं आजारी होता, मग कुणी काही म्हणेना. हिवाळ्यात एकदा तुर्गुनने आपल्या घराचा आकडा तीनाचा दोन केला. बाहेर गेलेल्याची इतके दिवस खबर नसली की नाव कमी करायचा नियमच होता, आणि इतरांच्या पोरांचं ज्या हातांनी केलं त्या हातांना घरच्यासाठी वेगळा न्याय कसा लावणार? इनोयतला मात्र त्याने हे सांगितलं नाही.

पहिली रंगीत तालीम झाली. प्रत उतरवली, फेरबदल चढवले, जुन्याशी ताडून पाहिलं. सगळं गाव जागच्या जागी होतं, फक्त माणसांच्या बेरजेत एक जास्त होता. तुर्गुन मोहल्ले तपासत, गल्ल्या तपासत खाली आला, आणि शेवटी जे घर सापडलं ते त्याचंच होतं. तिथे तीन होते.

२

तो मनाशी हसला. जुनी प्रत पोरगं गेलं त्याच दिवसाची, म्हणजे तिच्यात तीनच असणार. हिवाळ्यातला त्याचा स्वतःचा फेरबदल वाटेत कुठेतरी गळला असेल. त्याने ती फाइल उघडून पाहिली. फेरबदल तिथे होता, धड होता, आणि चढलाही होता. तरी तीन. यंत्रं म्हातारी झाली की असं करायचीच, असं म्हणत त्याने नव्या सर्व्हरवर हाताने दोन केले आणि घरी निघाला.

घरी त्या दिवसांत रेशमाच्या किड्यांचं राज्य होतं. कोश्तूतमध्ये वसंतात घरोघरी किडे येतात, आणि घरातली सगळ्यात उबदार खोली त्यांना द्यावी लागते. तुर्गुनच्या घरात ती खोली एल्मुरोदची होती. छपरापर्यंत मांडण्या, त्यांवर तुतीच्या डहाळ्या, आणि हजारो पांढरे किडे रात्रंदिवस पानं खात. खाण्याचा तो चरचर आवाज अंगणापर्यंत ऐकू येई. परक्याची नजर लागते म्हणून इनोयत तिथे कुणाला फिरकू देत नसे. नवऱ्यालाही ती परक्यातच धरी. पोराचा नान तेवढा त्याच खोलीत, आतल्या भिंतीवरच्या खिळ्याला, कापडात टांगलेला होता.

"आज पानं कमी पडली बघा," ती म्हणाली. "उद्या दोन भारे जास्त आणा. तुमच्या कचेरीला सांगा, बायकोला पोरं फार झालीत म्हणून."

"सांगतो. म्हणजे पाण्याचा आकार वाढवतील."

ती खळखळून हसली. तुर्गुनला बरं वाटलं. शरदापासून हे हसू घरात फिरकलं नव्हतं. अंगणातल्या माच्यावर ते दोघं जेवायला बसले. इनोयतने चहा ओतला. एक पियाला त्याच्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे आणि एक खोलीच्या दाराच्या बाजूला, माच्याच्या कडेशी.

"हा कुणाला गं?"

तिने पियाल्याकडे पाहिलं. आपणच ओतला हे तिलाही तेव्हाच कळलं असावं. "हाताची सवय," ती म्हणाली आणि नान मोडू लागली. तुर्गुनने तिसरा पियाला उचलून तोंडाला लावला. त्यात गाळ होता फक्त. इनोयत नेहमी काठोकाठ ओतते, पण आज हात आखडला असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सर्व्हरवर पुन्हा तीन होते.

"पोरी, तू माझ्या घराला हात लावलास?"

"मी? नानची शपथ, आका! मी काल पाचला चप्पल घालून पळाले. माझ्या बहिणीची मागणी होती."

"मग रात्री कुणी काही चालवलं होतं?"

"काही नाही. इथे रात्री फक्त पंखे चालतात." टरफलांचा आवाज थांबला. "काय झालं?"

त्याने सांगितलं. तिने आपल्या बाजूने पाहिलं आणि ती मोठ्याने हसायला लागली. "सगळं गाव सरळ आणि तुमच्याच घरात एक माणूस जास्त! इनोयत काकूंना विचारा बरं, दादला तळघरात बसला की घरी कोण येतं?"

"जीभ फार चालते तुझी. सासरी काय होणार तुझं?"

"तेच सासूबाईंना विचारायचंय."

दोघांनी मिळून पुन्हा पहिल्यापासून तालीम केली. तुर्गुनने या वेळी आपल्या त्या एका फेरबदलावर डोळे लावून ठेवले. तो चढला. क्षणभर दोन दिसले, तुर्गुनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग चहा ओतायला तो किटलीकडे वळला आणि परत पाहतो तर तीन. त्याने कारणं मोजायला घेतली: एखादी जोडणी उलटी, एखादी नोंद दोनदा, नव्या सर्व्हरचा काही नवा नियम. कारणं पुष्कळ होती आणि प्रत्येक पटण्यासारखं होतं. फक्त ती साऱ्या गावात दुसऱ्या कुठल्या घराला का लागू नयेत, एवढं कळत नव्हतं.

"राहू दे आका, शुक्रवारी बघू," खोसियत म्हणाली. "शुक्रवारी शेवटची प्रत उतरवायची आणि जुना बंद करायचा. दोन्ही एकत्र चालू ठेवता येणार नाहीत, हे लक्षात ठेवा."

"इतकी वर्षं हे काम करतोय मी."

"करताय हो, पण साहेबांनी मला बजावायला सांगितलंय. दोघांचं नाव एक. एकाच नावाचे दोघं एका वेळी जागे राहिले की लोक पैसे एकाकडे भरतात, पावती दुसरा नाकारतो, आणि खरा कोण ते दोघांनाही सांगता येत नाही. म्हणून नवा उठला की जुन्याचं नाव काढून घ्यायचं. आधी नाव काढायचं, मग बंद. नाहीतर कधी चुकून चालू झाला तर तो आपल्याच घरी परत यायला बघतो."

तिने हे सगळं बिया फोडता फोडता सांगितलं. तुर्गुनला ते माहीतच होतं. तरी का कोण जाणे, फोन ठेवल्यावर तो बराच वेळ त्या घरघरणाऱ्या जुन्या यंत्राकडे पाहत बसला.

४

गुरुवारी दुपारी तो तुतीचे भारे घेऊन जेवायला घरी आला, तर अंगण शांत होतं. इनोयत तोंडावर बोट ठेवून उभी.

"निजलेत," ती कुजबुजली. "मोठी झोप लागलीय."

किडे वाढताना चारदा निजतात, आणि शेवटची झोप सगळ्यात मोठी. पानाला तोंड लावत नाहीत, माना वर करून दगडासारखे पडून राहतात. त्या दिवशी घरातली माणसंही पावलं जपून टाकतात. इनोयत भारे घेऊन मागच्या ओसरीत गेली, तुर्गुनने माच्यावर बूड टेकलं, टोपी काढली, डोकं पुसलं.

आणि त्याला आवाज ऐकू आला. किड्यांचा चरचर आवाज नव्हता तो. एकट्याचा होता. काहीतरी सुकं, कडक, दाताखाली फुटत होतं. मग थोडा वेळ चावण्याचा आवाज, मग गिळल्यासारखी शांतता, मग पुन्हा तेच. सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं.

उंदीर, त्याने मनात म्हटलं. उंदराला किडे फार आवडतात. इनोयतची महिनाभराची मेहनत जायची. तो उठला आणि त्याने खोलीचं दार हलकेच लोटलं. आवाज थांबला. आत दमट ऊब होती, तुतीच्या पानांचा कुबट वास होता, आणि मांडण्यांवर हजारो पांढरे किडे माना वर करून स्तब्ध. एकाही किड्याला धक्का लागलेला नव्हता. तो मांडण्यांमधून आडवा होऊन आतल्या भिंतीशी गेला. कापडाची गाठ सुटली होती. नानला एल्मुरोदने घेतलेला घास तुर्गुनला पाठ होता, तीन वर्षं बघितलेला. समोरच्या एका दाताच्या कोपऱ्याची खूणसुद्धा. आता त्या घासाशेजारी दुसरा होता, आणि तिसरा. नान अर्ध्यावर आला होता. त्याने खाली वाकून जमीन चाचपली. उंदीर खातो तिथे कण सांडतात. जमीन लख्ख होती.

बाहेर येऊन त्याने दार लावलं. हात त्याने कोटाच्या खिशात घातले.

"अगं, नानला उंदीर लागलाय."

इनोयत पियाले मांडत होती. या बाईने मागे एकदा धाकट्या जावेने धूळ झटकताना त्या नानला नुसता हात लावला म्हणून दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती आता किंचाळेल, म्हणून तुर्गुनने मन घट्ट केलं.

"खाऊ दे," ती म्हणाली. "वाया तर जात नाही ना."

"इनोयत..."

"अहो, मला या चार रात्री कशी झोप लागतेय सांगू! शरदापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता पडलं की झोप. घर भरलेलं असलं की झोप लागतेच माणसाला." तिने पियाले सरळ केले. तीन होते. ती कसलंसं जुनं पाळणागीत गुणगुणत होती. तिचा चेहरा अगदी निवांत होता. त्याने जेवायला सुरुवात केली. जेवण फार छान झालं होतं.

५

शुक्रवारी शेवटची प्रत उतरली. सगळं गाव पलीकडे पोचलं.

"आका, तोच घोळ," खोसियत म्हणाली. आज ती बिया खात नव्हती. "जुना म्हणतो दोन, नवा म्हणतो तीन. बाकी सगळं जुळलंय. मी नव्यावर हाताने दोन घालून बघितले, राहत नाहीत. साहेब मागे उभे आहेत, मला आता जुना बंद करायचाय. पण त्याआधी कुणीतरी मला सांगायला हवं खरं काय ते. तुमचं घर आहे, तुम्हीच सांगा. घरात माणसं किती?"

तुर्गुनने आयुष्यात खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. चुलत्याच्या घरचा नाही, साहेबांच्या सासुरवाडीचा नाही. त्याला हिवाळ्यातली ती सकाळ आठवली, तीनावर बोट ठेवून दोन करतानाची. तेव्हा वाटलं होतं की पोराला आपल्याच हातांनी घराबाहेर काढलं. मग त्याला इनोयतची गुणगुण आठवली. अर्धा राहिलेला नान आठवला. एल्मुरोदचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा यापलीकडे त्याला या जगाकडून काही नको होतं, आणि नवं यंत्र हट्टाने सांगत होतं की पोरगं घरी आहे. ते नाही म्हणायला तो कोण लागून गेला?

"तीन," तो म्हणाला.

"नक्की?"

"माझं घर मला ठाऊक नसेल?"

"मग जुन्याचं नाव काढून घेते आणि बंद करते. करू ना?"

"कर."

घरघर एकदा चढली, मग उतरत उतरत संपली. इतक्या वर्षांत त्या तळघरात शांतता कधी झालीच नव्हती. तुर्गुनने दोन्ही पियाले धुतले, पुसले, रुमालात बांधले आणि घराची वाट धरली. वाटेत त्याने बाजारातून स्ट्रॉबेऱ्या घेतल्या. एल्मुरोदला त्या फार आवडायच्या.

किडे जागे झाले होते आणि उपाशी पोटी पानांवर तुटून पडले होते. चरचर आवाजाने अंगण भरलेलं. इनोयत डहाळ्या घेऊन खोलीत शिरत होती. तिचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तुर्गुनने पुढे होऊन दार धरलं. ती आत गेली. दार अर्धं उघडं, बाहेरचं ऊन एका पट्टीएवढं आत पडलेलं.

पट्टीच्या टोकाला, मांडण्यांच्या पलीकडे, कुणीतरी भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसलं होतं. पाठ दिसत होती आणि मान. नुकतीच भादरलेली, पोरसवदा मान. तिच्यावर कापसाचा बोळा चिकटवलेला, आणि बोळ्यातून आलेला लाल ठिपका अजून ओला होता.

खाणं चालू होतं. जबडा हलला की कानामागची शीर हलायची.

तुर्गुनने दार लोटलं. त्याला भीती वाटायला हवी होती हे त्याला कळत होतं, आणि तो तिची वाटही पाहत होता. पण जे आलं ते समाधान होतं, थंडीत गरम चहा पोटात उतरावा तसं. इनोयत बाहेर आली, तिने हात झटकले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने स्ट्रॉबेऱ्या धुऊन एका थाळीत काढल्या आणि थाळी दाराशी ठेवली.

६

पुढचे दिवस त्या घरात फार चांगले गेले, हे मान्य केलंच पाहिजे. किड्यांनी कोश विणले, कोश खरेदी केंद्रावर गेले, मांडण्या निघाल्या. रिकाम्या खोलीत इनोयतने स्वच्छ गोधड्या घातल्या. खिळ्यावर कापड राहिलं होतं, नान संपला होता. खोलीचं दार बहुतेक लोटलेलं असे. दाराशी ठेवलेली थाळी चाटूनपुसून परत येई. दारामागचं तोंड बघायला जावं असं दोघांनाही कधी वाटलं नाही. पोराच्या खोलीत सारखं डोकवायचं नसतं, इनोयत म्हणे. शेजारीपाजारी विचारत की दोघंही टवटवीत दिसताय, काय खाता? तुर्गुन हसून टोपी मागे सारी. त्याला आता नव्या कचेरीत खिडकीपाशी जागा मिळाली होती.

असाच एक दुपारचा चहा. माच्यावर तीन पियाले, तुतीची सावली, खोलीतून नेहमीचा खाण्याचा आवाज. आणि फाटकाची कडी वाजली.

"अदा!" बाहेरून कुणीतरी हाक मारली.

अदा म्हणजे बाप, जशी ओयी म्हणजे आई. कोश्तूतमध्ये कुणाचंही पोर कुणालाही अशी हाक मारत नाही. आवाज बसका होता, छातीत काहीतरी दाटलेल्या माणसाचा. तुर्गुन उठला, पियाला सांडला तरी त्याला कळलं नाही. त्याने फाटक उघडलं.

समोर खांद्यावर पिशवी घेतलेला एक वाळलेला माणूस. कानशिलांवर केस पिकलेले, नखांत धुऊन न जाणारा निळा रंग. डोळे पाण्याने भरले होते.

"अदा, आलो मी. हॉस्पिटलात होतो, मग कागद नव्हते, फोन नव्हता... सगळं सांगतो. ओयी कुठंय? मी..." तो थांबला. "मी..."

"नाव सांग," तुर्गुन म्हणाला. आपण असं का म्हणालो ते त्याला कळलं नाही. त्याला एवढंच हवं होतं की त्या माणसाने ते म्हणावं. एकदा म्हणावं, म्हणजे बाकीचं सगळं तो स्वतः निस्तरणार होता.

माणसाने तोंड उघडलं. ओठ हलले. तो ओशाळून हसला. "थांबा हं. बसमध्ये तर होतं. आत्ता ओठांवर होतं." त्याने कपाळ चोळलं, घाईघाईने म्हणाला, "माझा नान ठेवलाय ना तुम्ही? तो बघितला की..."

खोलीतला खाण्याचा आवाज थांबला.

"कोण आहे हो?" इनोयतने माच्यावरून विचारलं.

"कुणीतरी..." तुर्गुनने फाटक धरून ठेवलं. "कुणीतरी आलंय."

"आपली सगळी घरात आहेत," ती गोड आवाजात म्हणाली. "चहा गार होतोय."

माणसाने तुर्गुनच्या खांद्यावरून अंगणात पाहिलं. माचा पाहिला, तुती पाहिली, माच्यावरचे पियाले पाहिले. हळूहळू त्याच्या डोळ्यांतली ओळख कुणी पुसून घ्यावी तशी गेली. भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा तो मागे सरकला आणि त्याने अदबीने छातीवर हात ठेवला.

"माफ करा, आका," तो म्हणाला. "घर चुकलं वाटतं माझं."

आका. रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही माणसाला म्हणतात तसं. तो वळला आणि गल्लीतून चालू लागला, चालताना थोडा पाय ओढत. ऊन त्याच्या मानेवर पडलं होतं. केसांच्या खाली, अगदी कडेशी, वस्तऱ्याचा एक जुना, कधीच भरून आलेला वण होता.

तुर्गुनच्या छातीतून आवाज फुटला. तीन वर्षं आत कोंडलेला, सगळा.

"एल्मुरोद!"

गल्लीतल्या माणसाने वळून पाहिलं नाही.

"काय, अदा?" पाठीमागून, घरातून, कोवळ्या आवाजात उत्तर आलं.